खांसाहेबांच्या अखेरच्या तबकड्या

आमच्या लहानपणीं कोल्हापुरांत ज्या घरीं अजून चावीचा फोनो टिकून होता, त्या घराच्या ओटीवर रविवारीं सकाळीं चार-दोन मंडळी हटकून जमत. अशाच एका ओटीवर मीं खांसाहेब अब्दुल करीमखां यांची झिंझोटींतील ठुमरी प्रथम ऐकली. आधीं नुसती खरखर आली. मग त्या खरखरींतून, कोठून तरी दुरून यावा तसा, एक बारीक, ओला, पण सुईच्या टोंकासारखा नेमका आवाज वर आला. तबकडी संपल्यावर घरचे वृद्ध गृहस्थ एवढेंच म्हणाले, "हें त्यांचें गाणें नव्हे रे, ही त्यांची सही आहे." त्यांनीं मिरजेस खांसाहेबांना समोर बसून ऐकलेलें होतें, तेव्हां बोलण्याचा अधिकार त्यांचा. मला त्या वयांत या वाक्याचा अर्थ कळला नाहीं. पुढें कळला, पण त्या गृहस्थांशीं मी पुरता सहमत झालों असें मात्र नाहीं. ही सही कशी उमटली आणि तिची किंमत काय, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

खांसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेकडील कैराना गांवचा. त्यांच्या गायकीस किराणा हें नांव पडलें तें त्या गांवावरून. वाणसामानाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हें शाळेंतल्या मुलांना मला दरवर्षीं सांगावें लागे. तरुणपणीं ते बडोद्याच्या दरबारीं होते. तेथून मुंबई, पुढें पुणें. पुण्यास १९१३ सालीं त्यांनीं आर्य संगीत विद्यालय स्थापिलें. अखेरचें त्यांचें बिऱ्हाड मिरजेस. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची अपार श्रद्धा होती. एका मोठ्या दुखण्यांतून आपण तेथेंच उठलों असें ते मानीत. आपल्या कोल्हापुराहून मिरज आगगाडीनें तास-दीड तासाच्या अंतरावर, त्यामुळें खांसाहेबांना ऐकलेले लोक आमच्या गांवांत पुष्कळ होते आणि त्यांचीं मतेंही पुष्कळ होतीं.

ह्या गवयानें आयुष्यांत दोन वेळां ध्वनिमुद्रण केलें. पहिलें १९०५ च्या सुमारास, तिशी नुकतीच ओलांडली असतां. दुसरें आणि अखेरचें १९३४ ते १९३६ या काळांत, साठी उलटल्यावर. मधलीं जवळ जवळ तीस वर्षें, म्हणजे गवयाच्या आयुष्याचा ऐन भर, तबकडीच्या दृष्टीनें कोरींच गेलीं. आणि त्याच तीस वर्षांत तबकडी करण्याची विद्या मुळापासून पालटली. आपल्या विषयाचें मर्म या योगायोगांत आहे.

पहिल्या खेपेस ग्रामोफोन कंपनी हिंदुस्थानांत अगदीं नवी होती. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गायसबर्ग या तंत्रज्ञानें कलकत्त्यास गोहरजानचें गाणें उतरवून घेतलें, त्याला दोन-तीनच वर्षें झालीं होतीं. येथें मेणावर गाणें कोरावयाचें, तें मेण जहाजानें जर्मनींतील हॅनोव्हरच्या कारखान्यास धाडावयाचें आणि तयार तबकड्या परत यावयाच्या, असा सारा द्राविडी प्राणायाम असे. गोहरजान गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींत पुकारी, तें परदेशी कारागिरांना गाणारी कोण हें समजावें म्हणून. कलकत्त्याजवळ कंपनीचा कारखाना निघाला तो पुढें १९०८ सालीं.

त्या काळच्या यंत्रांत विजेचा संबंध नव्हता. गवयापुढें एक मोठा कर्णा असे. कर्ण्याच्या निमुळत्या टोंकाशीं एक पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेली सुई. गवयाच्या आवाजानें हवा हले, हवेनें पडदा हले, पडद्यानें सुई हले आणि फिरत्या मेणावर नागमोडी रेघ उठे. म्हणजे रेघ कोरण्याचें सारें बळ गवयाच्या छातींतून यावयाचें! मग त्यानें कर्ण्यांत तोंड घालून गावें, तार षड्जावर मान मागें घ्यावी, खर्जावर पुन्हा पुढें यावें. तबला जवळ ठेवला तर थापेनें सुई उडे, दूर ठेवला तर ऐकूंच येत नसे. तंबोऱ्याची तर गोष्टच नको. मोठा, खणखणीत, फेंक असलेला आवाज ह्या यंत्राला मानवे. पण ज्याचें सारें सामर्थ्य हळुवारपणांत आहे, जो एका स्वरावरून दुसऱ्यावर पाण्यासारखा सरकतो, अशा आवाजाचा बहुतेक भाग मेणावर ओरखडासुद्धां काढीत नसे. १९०५ च्या तबकड्या ऐकतांना तरुण, चपळ गळा जाणवतो. तान चांगली ऐकूं येते. पण किराणा गायकी म्हणून आपण जिला ओळखतों, ती त्यांत क्वचितच सांपडते.

१९२५ सालापासून विजेचें ध्वनिमुद्रण आलें. कर्णा गेला व मायक्रोफोन आला. आतां आवाजानें विजेच्या प्रवाहांत केवळ लाटा उठवावयाच्या. त्या लाटा मोठ्या करून सुई हलविण्याचें काम यंत्राचें. गवयाला ओरडण्याचें कारण उरलें नाहीं. कुजबुजलेला स्वरही मेणापर्यंत पोंचूं लागला. ओडियन या शिक्क्याखालीं खांसाहेबांच्या तबकड्या निघाल्या त्या ह्या नव्या पद्धतीनें. म्हणून घडलें असें विपरीत कीं, बत्तिशीचा आवाज जुन्या यंत्रानें गमावला आणि बासष्टीचा आवाज नव्यानें जपला. आज जगाला जे अब्दुल करीमखां ठाऊक आहेत ते म्हातारपणींचे आहेत. भर जवानींतला गळा कसा होता हें विचारलें तर १९०५ च्या त्या खरखरीकडे बोट दाखवावें लागतें.

पण विजेनें सगळ्याच अडचणी दूर केल्या, असें समजूं नये. मेण तसेंच होतें. जाड मेणाची चकती किंचित् ऊब देऊन मऊ करीत, ती फिरत्या पाटावर ठेवीत आणि खूण झाली कीं गाणें सुरू. एकदां सुई टेकली कीं खोडरबराला जागा नाहीं. एखादा स्वर घसरला, तबलजी चुकला, कोणी खोकला, तर चकती टाकून द्यावयाची आणि पहिल्यापासून गावयाचें. कोरलेलें मेण वाजवून पाहावें म्हटलें तर वाजविण्यानेंच तें बिघडे. मग त्या मेणावर धातूचा पातळ लेप चढवून त्यापासून धातूचा उलटा ठसा, त्यापासून सुलटा, त्यापासून पुन्हा उलटा असें करीत दाबयंत्राचा शिक्का तयार होई. आणि लाख, दगडाची पूड व काजळी यांच्या गरम लगद्यावर तो दाबला कीं झाली तबकडी. ज्या लाखेच्या बांगड्या आपल्या बायाबापड्या भरीत, त्याच लाखेंत खांसाहेबांची भैरवी बसली आहे. हातून पडली तर बांगडीप्रमाणेंच फुटते.

याच्याशीं अलीकडची रीत ताडून पाहण्यासारखी आहे. लिव्हरपूलचा बीटल्स हा चौघां तरुणांचा प्रख्यात वाद्यवृंद १९७० सालीं फुटला. त्यांनीं अखेरचा म्हणून जो संच ध्वनिमुद्रित केला तो 'ॲबी रोड', १९६९ सालचा. आदल्या जानेवारींत बव्हंशीं मुद्रित झालेला 'लेट इट बी' मात्र मागाहून, १९७० सालीं बाजारांत आला, म्हणून पुष्कळ जण तोच शेवटचा समजतात. 'ॲबी रोड'च्या वेळीं त्यांच्यापाशीं आठ निरनिराळ्या पट्ट्यांवर आवाज घेणारें फितीचें यंत्र होतें. एकानें आज वाजवावें, दुसऱ्यानें उद्यां त्यावर गावें, तुकडे कापून जोडावे, असें कित्येक आठवडे चालत असे. चौघांचें एकमेकांशीं पटत नव्हतें, तरी गाणें एकसंध ऐकूं येतें. यांत कमीपणा कांहीं नाहीं. तीही एक कारागिरी आहे. परंतु खांसाहेबांच्या तबकडींत असा सांधा कोठेंच नाहीं. तीं तीन-सव्वातीन मिनिटें जशीं घडलीं तशीं आहेत. त्या खोलींत त्या क्षणीं जो मनुष्य गात होता, तोच आपण ऐकतों.

आणि तीन-सव्वातीन मिनिटेंच! मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे, म्हणजे सारी बैठक अदमासें अडीचशें फेऱ्यांत उरकावयाची. ज्या गवयाच्या विलंबित ख्यालांत नुसत्या गंधाराची ओळख व्हावयास दहा मिनिटें लागत, त्याच्यापुढें हें संकट काय असेल याची कल्पना करा. पुष्कळ थोर गवयांनीं या वेळीं एक सोपी वाट धरली: चीज घाईनें म्हणावयाची, दोन-चार लखलखीत ताना मारावयाच्या आणि मोकळें व्हावयाचें. त्या तबकड्या ऐकल्या कीं गाडी चुकेल या भीतीनें जेवणारा पाहुणा आठवतो. खांसाहेबांनीं असें केलें नाहीं. त्यांनीं राग लहान केला, पण त्याची चाल बदलली नाहीं. वसंताची तबकडी घ्या किंवा शुद्ध कल्याणाची. मुखडा येतो, लगेच एखाद्या स्वरावर आवाज थांबतो, जणूं हाताशीं सारी रात्र आहे. मग थोडी बढत, थोडी सरगम, एखादी तान, आणि पुन्हा मुखडा. तबला मागें साधा ठेका धरून असतो. मधें मधें करीत नाहीं. वेळ संपते, परंतु गाणें तोडल्यासारखें वाटत नाहीं. हें कसें साधलें तें वर्गांत फळ्यावर लिहून दाखविण्यासारखें नाहीं, तरी एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांनीं तानांची काटछांट केली, स्वरावर थांबण्याची केली नाहीं. ज्याची सर्वांत आधीं काटछांट व्हावी असें कोणाही व्यवहारी माणसास वाटलें असतें, तेंच त्यांनीं राखलें.

स्वराविषयींचा त्यांचा हा हट्ट जुना होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नांवाचे इंग्रज न्यायाधीश यांनीं बावीस श्रुतींचा शोध चालविला, तेव्हां खांसाहेब त्यांच्या बाजूनें उभे राहिले आणि स्वतःचा गळा त्यांनीं त्या प्रयोगांस दिला. त्या सिद्धान्तावर पुढें मोठें वादळ झालें. त्यांतलें कोणाचें खरें हें ठरविणें माझ्या आवाक्याबाहेरचें. पण तंबोरा जुळविण्यांत खांसाहेब जो वेळ घालवीत त्याच्या गोष्टी मिरजेंत अजून सांगतात. गांवही तसेंच मिळालें. मिरजेस फरीदसाहेबांच्या वेळेपासून तंबोरे-सतारी करणाऱ्यांचीं घराणीं नांदत आलीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालें. कर्ण्यापुढें जो तंबोरा मुका होता, तो मायक्रोफोनपुढें निदान झिरपतो. चांगल्या स्थितींतली तबकडी असेल तर खरखरीच्या मागें त्याचा झंकार कान देऊन ऐकावा.

या अखेरच्या तबकड्यांत निवडही पाहण्याजोगी आहे. ख्याल आहेत, ठुमऱ्या आहेत, आणि 'मानापमान' नाटकांतील एक मराठी पदही आहे. 'मानापमान' १९११ सालचें. त्याच्या चाली आमच्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांच्या. उत्तरेंतल्या खांसाहेबांच्या तोंडीं मराठी शब्द थोडे निराळे वळतात, पण त्यांतही एक लडिवाळपणा आहे. आणखी नवल म्हणजे खरहरप्रिया रागांतील त्यागराजांची एक कृति त्यांनीं गाऊन ठेविली आहे. दक्षिणेंतलें संगीत आपल्याकडील गवयांनीं दुरूनच नमस्कार करण्याच्या काळांत खांसाहेब म्हैसूर-मद्रासकडे वारंवार जात, तेथल्यांचें ऐकत, आणि त्यांची सरगम त्यांनीं आपल्या ख्यालांत आणली. पुढें सरगम हें किराणा गायकीचें लक्षणच होऊन बसलें.

भैरवींतील ठुमरीची हकीकत आमच्या जिल्ह्याशीं जोडलेली आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतों. ग्वाल्हेरचे हद्दूखां यांचे चिरंजीव रहिमतखां हे मोठे अवलिया गवई. भ्रमिष्टासारखे भटकत असतां सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनीं त्यांना सांभाळलें. हत्ती-घोड्यांच्या तांड्याबरोबर हा गंधर्व गांवोगांव हिंडला, आणि शेवटीं छत्र्यांच्याच आश्रयानें आपल्या कुरुंदवाडास १९२२ सालीं वारला. करीमखांसाहेबांवर त्यांच्या गाण्याची विलक्षण छाप होती. रहिमतखांनींही उतारवयांत, १९२० च्या सुमारास, कांहीं तबकड्या दिल्या, त्यांत भैरवीची हीच ठुमरी आहे. त्या मात्र कर्ण्यापुढच्या. दोन्ही तबकड्या एकामागून एक लावून पाहाव्या. पहिलींत एक म्हातारा सिंह भिंतीपलीकडून ऐकूं येतो. दुसरींत त्याचा चाहता आपल्या शेजारीं बसून गातो. दोघांत अंतर अवघें पंधरा वर्षांचें, आणि तें माणसांपेक्षां यंत्राचेंच अधिक आहे.

आतां कोल्हापूरचें दुखणें. आमच्या शहरानें ज्यांना आपले म्हटलें ते गायनसम्राट अल्लादियाखां. शाहूमहाराजांच्या दरबारीं ते अनेक वर्षें होते. त्यांचा येथें पुतळा आहे. पण त्यांचा आवाज कोठेंच नाहीं! १८५५ साली जन्मलेले अल्लादियाखां १९४६ पर्यंत हयात होते. मायक्रोफोन आल्यानंतर वीस वर्षें. तरी त्यांनीं तबकडी दिली नाहीं. त्यांचे कर्तबगार चिरंजीव मंजीखां १९३७ सालीं गेले, तेही तसेच. भास्करबुवा बखले १९२२ त गेले. त्यांचाही स्वर उरला नाहीं. तबकडी न देण्याचें समर्थन पुष्कळ तऱ्हांनीं करतां येतें. आमच्या ओटीवर तें दर रविवारीं होत असे: तीन मिनिटांत गाणें होत नाहीं, विद्या पानपट्टीच्या दुकानांत वाजावी हें योग्य नव्हे, गुरुमुखाचें तें गुरुमुखानेंच घ्यावें. यांतलें एकही कारण खोटें नाहीं. अल्लादियाखांची विद्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांत उतरली, आणि १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळांत जी तबकडी धाडली तींत केसरबाईंची भैरवी आहे, हेंही खरें. तरीसुद्धां पुतळ्यासमोरून जातांना मला दरवेळीं वाटतें कीं, एकच तबकडी असती, अगदीं भंगलेली, तर हा पुतळा आम्हांस कमी लागला असता. वृद्ध गृहस्थांच्या सहीच्या वाक्याशीं मी सहमत होत नाहीं तो येथें. सही म्हणजे कांहीं सारा मनुष्य नव्हे, कबूल. पण ज्यानें सही केली नाहीं त्याच्या इस्टेटीचे दावे पिढ्यान् पिढ्या चालतात. अल्लादियाखां अमुक राग कसा गात, यावर आमच्याकडे अजून वाद आहेत. करीमखांसाहेब झिंझोटी कशी गात, यावर वाद नाहीं. तबकडी लावावी.

(विषयांतर होतें, पण सांगून टाकतों. ग्रामोफोनच्या तबकडीवर कर्ण्यापुढें बसलेलें कुत्रें सर्वांस ठाऊक आहे. खांसाहेबांपाशीं खरेंखुरें कुत्रें होतें, टिपूमियां नांवाचें, आणि त्याला त्यांनीं स्वरांत आवाज काढावयास शिकविलें होतें म्हणतात. त्याची तबकडी कोणी घेतली नाहीं, ही हानि मी दुय्यम समजतों.)

ह्या तबकड्या अखेरच्या ठरतील असें त्या खोलींत कोणाच्या मनांत नसावें. खांसाहेबांचे दौरे चालूच होते. १९३७ च्या ऑक्टोबरांत मद्रासचें गाणें आटोपून ते पाँडिचेरीस निघाले. गाडींत त्यांस अस्वस्थ वाटूं लागलें, म्हणून सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. तेथेंच अंथरूण घातलें. त्यांनीं प्रार्थना केली, आणि दरबारीच्या स्वरांत ईश्वराचें नांव घेतलें असें सांगतात. २७ ऑक्टोबर रोजीं त्यांचा अंत झाला. देह मिरजेस आणला व मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत ठेवला. तेथें उरुसांत त्यांच्या स्मरणार्थ गाणें होतें, आणि नामांकित गवई बिदागीचा विचार न करतां त्या हजेरीस जातात.

इकडे तबकड्या आपल्या वाटेनें चालल्या होत्या. त्याच सुमाराच्या 'देवदास' या हिंदी बोलपटांत सैगल यांनीं तीच झिंझोटीची ठुमरी म्हटली आणि ती सर्वतोमुखी झाली. गदगच्या एका पोरानें दुकानांत वाजत असलेली खांसाहेबांची तबकडी ऐकली आणि असें गाणें आपल्याला यावें या ध्यासानें घर सोडलें. भीमसेन जोशी ही गोष्ट स्वतः सांगत. ते पुढें खांसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, यांच्याकडे शिकले. म्हणजे गुरुमुखाची विद्या गुरुमुखानेंच गेली, पण वाट दाखविली ती तबकडीनें. पानपट्टीच्या दुकानाला नांवें ठेवणाऱ्या आमच्या ओटीवरील मंडळींस मी हें एकदां ऐकविलें होतें. ते हंसले आणि त्यांनीं विषय बदलला.

आतां ह्या तबकड्या नव्या साधनांवर, घरबसल्या ऐकतां येतात. ऐकणाऱ्यांस एक सूचना करावीशी वाटते. तबकडी किती वेगानें फिरविली यावर स्वर अवलंबून असतो. अठ्ठ्याहत्तरांच्या जागीं ब्याऐंशी-त्र्याऐंशी फेरे झाले कीं सारें गाणें अर्ध्या स्वरानें चढतें, लयही पळूं लागते, आणि मूळचाच बारीक असलेला खांसाहेबांचा आवाज चिरका भासतो. नव्या उतारांत असे दोष राहून गेलेले असतात. एकच तबकडी दोन ठिकाणीं ऐकून पाहावी, म्हणजे फरक कळेल. आमच्या वृद्ध गृहस्थांनीं यावर उपाय योजिला होता. ते तबकडीच्या कडेखालीं कागदाची एक चिठी अडकवीत, खिशांतलें घड्याळ माझ्या हातीं देत, आणि एका मिनिटांत चिठी किती वेळां समोरून गेली तें मला मोजावयास लावीत. माझ्या मोजणींत एकदां पंचाहत्तर भरले. त्यांनीं वेगाचा खटका केसभर पुढें सरकविला, सुई उचलून पुन्हा कडेवर ठेवली आणि म्हणाले, "पुन्हा मोज."